ओतताना मी बोलले

माझ्या बापानं मला आयुष्यात एकदाही मारलं नाही, आणि तरी मी त्याच्यावर चाळीस वर्षांपासून चिडून आहे. माझी मुलं म्हणतात, आई, आता ते गेले, आता तरी सोड. मी म्हणते, का म्हणून सोडू? ते गेले म्हणजे ते बरोबर ठरले का? मी त्या एका इंजिनाच्या कामाबद्दलच लिहिणार आहे आणि भराभर लिहिणार आहे, कारण हळू लिहायला बसले की मला त्यांची दया यायला लागते, आणि मग खरं काय झालं ते राहूनच जातं.

आम्ही तळेगावचे, श्यामजी पंताच्या तळेगावचे, कामानं ओतारी. घराच्या मागे टिनाच्या छपराखाली भट्टी. पोळ्याच्या आधी दोन महिने बैलांच्या गळ्यातल्या पितळेच्या घंट्या आणि बाकी वर्षभर अॅल्युमिनियमचं काम, विहिरीवरच्या मोटरपंपाचे पंखे, पुल्या, झाकणं. अंगणात फुटके डेगचे आणि जळके पिस्टन यांचा ढीग, त्यावर कोंबड्या. सकाळी जाग यायची ती भट्टीच्या हातपंख्याच्या आवाजानं. तो माझा मोठा भाऊ दिगंबर फिरवायचा, एका हातानं पंखा आणि दुसऱ्या हातानं ट्रान्झिस्टर, आणि बातम्या लागल्या की पंखा हळू व्हायचा आणि बाबा नुसते खाकरायचे. माय चुलीशी. आमच्याकडे भट्टी पेटली त्या दिवशी गोळाभात ठरलेला, कारण तो एकदा शिजला की कुणीही कधीही येऊन वरून कच्चं तेल घालून खाऊ शकतो. बाबा उभ्याउभ्याच खायचे. त्यांच्या मिशीला तेल लागलेलं असायचं आणि भुवया जळालेल्या, त्यामुळे ते कायम काहीतरी ऐकून थक्क झाल्यासारखे दिसायचे. ते कशानेच थक्क होत नसत.

माझं काम गाभ्याचं. पोकळ वस्तू ओतायची तर पोकळीच्या जागी आधी काहीतरी ठेवावं लागतं, धातू त्याच्या भोवती बसतो, आणि थंड झालं की ते आतलं फोडून काढायचं. त्याला गाभा म्हणतात. नदीची बारीक रेती, थोडी चिकणमाती, आणि बांधायला गुळाचं पाणी. लाकडाच्या दोन फाळींच्या पेटीत दाबायचं, काढायचं, चुलीच्या मंद आचेवर भाजायचं. मायच्या बोटांना इसब झाला तेव्हापासून, म्हणजे मी अकरा वर्षांची असल्यापासून, घरातला प्रत्येक गाभा मी केला. माझे गाभे कधी फुटले नाहीत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, हे बाबाच सांगायचे, पण बाहेरच्यांना सांगायचे, मला कधी सांगितलं नाही. तापलेला धातू साच्यात उतरला की आतला गूळ जळायचा आणि सगळ्या घरात चिक्की करपल्यासारखा वास सुटायचा. तो वास आला की मला कळायचं, माझं काम आत पोचलं.

आणि आमच्या घरचा एक नियम होता. मूस उचलली, म्हणजे वितळलेल्या धातूचं ते भांडं सांडशीत धरून भट्टीतून वर काढलं, की घरात कुणी बोलायचं नाही. दिगंबरचा ट्रान्झिस्टर बंद. मायचा खलबत्ता बंद. दारात आलेलं गिऱ्हाईकसुद्धा हात जोडून उभं राहायचं. बाबांचे वडील म्हणायचे की धातू वितळलेला असतो तोवर त्याला कान असतात, कोणी बोललं तर तो शब्द आत घेतो आणि मग आत पोकळ फुगा राहतो. आज मला त्यातलं शहाणपण कळतं. ज्याच्या हातात लाल मूस आहे त्याचं लक्ष विचलित होऊ नये, इतकंच त्यात आहे. पण घरात कुणी हे असं सांगितलं नाही. कानाचंच सांगितलं.

आता इंजिनाचं. वर्ध्याला माझ्या मामाचं, शंकरमामाचं, गॅरेज होतं. तिथे एक डॉक्टर बरीच वर्षं परदेशात राहून परत आले होते आणि येताना बोटीनं आपली गाडी घेऊन आले होते. ती गाडी वर्ध्यात बंद पडली. मामानं इंजिन बाहेर काढून बाकावर ठेवलं आणि अर्धं वर्धा ते बघायला आलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, दहावी करून घरी बसलेली, आणि मामीच्या मदतीला म्हणून चार दिवस तिकडे गेले होते. मी काय बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे.

"मामा, याचे पिस्टन कुठी हायेत?"

"नाईत."

"काढून ठेवले?"

"नाईतच वं माय. याले जन्मापासूनच नाईत. हे पाय." मामानं बाजूचं झाकण सरकवलं. आत एक तिकोन होता, तिन्ही बाजूंनी फुगलेला, समोशासारखा. मामानं दांडा फिरवला तर तो तिकोन आतल्या आत गिरक्या घेत फिरला, आणि त्याची तिन्ही टोकं भिंतीला घासत फिरत राहिली. असे दोन. वॉल्व नाहीत, वरखाली होणारं काही नाही. मला तर नाचावंसं वाटलं. मी मामाला दहा वेळा दांडा फिरवायला लावला. एका बाजूनं तिकोन हवा-पेट्रोल ओढतो, पुढं नेऊन दाबतो, तिथं ठिणगी पडते, आणि जळालेला धूर दुसऱ्या भोकातून बाहेर ढकलतो. सगळं गोल गोल. मी बघितलेली ती सगळ्यात हुशार वस्तू होती, आणि मी आजही तसंच म्हणेन.

बिघाड इंजिनात नव्हता, त्याच्यावरच्या जंजाळात होता. कार्बोरेटरला इतक्या नळ्या की मोजता येईनात, त्यातल्या अर्ध्या उन्हानं तडकलेल्या. शिवाय एक हवेचा पंप होता, तो गंजून जाम झाला होता आणि डॉक्टरांनीच तो काढून फेकला होता. मामा म्हणाला, "तिकडचं सरकारी लफडं हाय ते. तिकडे धूर धुवून सोडा लागते म्हणे." आता ठरलं असं की ते सगळं काढायचं आणि आपल्याकडच्या टॅक्सीचा साधा कार्बोरेटर बसवायचा. जुना कार्बोरेटर पेट्रोलात थेंबथेंब ऑइलही सोडायचा, नवा सोडणार नाही, म्हणून स्कूटरसारखं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, हे मात्र मामानं स्वतः ओळखलं. त्याचं श्रेय त्याला. पण साधा कार्बोरेटर त्या इंजिनावर बसणार कसा? मधे मॅनिफोल्ड लागणार, म्हणजे कार्बोरेटरमधून आलेलं हवा-पेट्रोल इंजिनाच्या तोंडांपर्यंत नेणारी नळ्यांची जुडी. जुनी बसत नव्हती. नवी ओतावी लागणार. आणि ओतायला घरचा माणूस होता, मामाचा तळेगावचा भाटवा, बहिणीचा नवरा, म्हणजे माझे बाबा.

मामानं माप घेतलं ते सगळे गॅरेजवाले घेतात तसंच. इंजिनाच्या तोंडावर जाड कागद ठेवला आणि कडांवरून छोट्या हातोडीनं ठकठक करत गेला, की कागद भोकांच्या कडेला कापला जातो. कागदावर सहा भोकं उमटली. चार मोठी, दोन बारकी.

"हे दोन बारके कायचे?"

"असतीन कायचे तरी. कंपनीनं पाडले म्हणजे कामाचेच असतीन."

मामा चहाला गेला. बाकावर त्याची पेटलेली बिडी राहिली होती. मी काय केलं तर ती बिडी ओढली, तोंडात धूर धरला, रबराची नळी बारक्या भोकात घातली आणि फुंकलं. आधी खोकलून खोकलून माझा जीव गेला. पण धूर आला, आणि कुठून आला? मागून. जिथून जळालेला धूर बाहेर पडतो त्या भोकातून. मोठ्या तोंडात फुंकलं तर तो आत तिकोनाकडे जायचा. बारक्यातला आत जातच नव्हता, बाहेरच्या बाहेर मागे निघायचा. मग मला कळलं. तो फेकलेला पंप याच भोकांतून ताजी हवा सोडत असणार, मागच्या धुरात, उरलंसुरलं पेट्रोल तिथंच जळावं म्हणून. धूर धुवायची जागा. आता पंप गेला, तर ही भोकं बुजवायचीच. उघडी ठेवून नव्या मॅनिफोल्डला जोडली, तर मागचा तापलेला धूर त्याच वाटेनं उलटा येईल आणि इंजिन आपलाच धूर श्वासात घेईल. आता पीयूसी काढायला गेले की त्या मशीनची नळी गाडीच्या मागे लागते, आणि मी मनातल्या मनात त्या दोन भोकांना नमस्कार करते.

मामा परत आला. "बिडी कोनं ओढली बे?"

"इंजिनानं," मी म्हटलं, आणि त्याच्यासमोर पुन्हा फुंकून दाखवलं. मामा वाकून मागे बघत राहिला. धूर त्याच्या तोंडावर आला.

"आयला. खरंच की."

"मंग बाबाले सांगा, दोन बुजवा म्हणून."

"मी नाई सांगत. तू सांग. भाटव्याले मी त्याचं काम शिकवू का? ताईच्या घरचा चहा बंद होईन माहा."

हे लक्षात ठेवा. मामानं धूर बघितला होता. मामाच्या तोंडावर धूर आला होता.

कागद घेऊन मी तळेगावला आले आणि बाबा भात खात होते तेव्हाच सगळं सांगितलं, बिडीचं सोडून. बाबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"सहा हायेत," ते म्हणाले.

"सहा दिसतात. पण दोन बंद ठेवायचे. त्याच्यातून धूर उलटा येईन."

"भोक हाय तं त्याले वाट पाह्यजे. मधल्या नळीले जोडून देऊ."

"बाबा, मी फुंकून पाह्यलं."

"इंदू, आपण ओतारी. गिऱ्हाईकानं कागद देल्ला, कागदासारखं ओतायचं. घंटी बैलाच्या गळ्यात बांधते का म्हशीच्या, हे आपण इचारतो का?"

"घंटीनं बैल मरत नाई."

दिगंबर हसला. बाबा नाही हसले. "तू गाभे कर," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मी गाभे केले. चार केले. माझ्या मनात असं की चारच असले तर चारच बसतील, बाकीची जागा धातूनं आपोआप भरेल, आणि बाबांना मोजायची सवय नाही. होती. आज कुणी मला म्हणेल की तूही लबाडी केलीस. केली. मला सरळ वाट ठेवलीच नव्हती.

ओतायच्या दिवशी मी गुळाचं पातेलं घासून परसात आले, आणि पाहते तर माझी बारकी पेटी, बोटाएवढ्या गाभ्यांची, ओलीच. फाळींना ताजी रेती चिकटलेली. त्यावर मुंग्या. मी ती पेटी महिनाभरात वापरली नव्हती. दिगंबरकडे बघितलं. तो पंख्यापाशी होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. साच्याची पेटी बंद झालेली, वर दगड ठेवलेले, आणि बाबांनी मूस उचललेली. ट्रान्झिस्टर बंद. मायचा हात खलबत्त्यावर थांबलेला. इतकी शांतता की मुशीतल्या धातूवरची साय थरथरते ती ऐकू येईल असं वाटायचं. बाबा चार पावलं चालणार, आणि त्या चार पावलांत मला ठरवायचं होतं. जन्मात मी ओतताना शिंकलेसुद्धा नव्हते.

"बाबा, ओतू नोका. आत सहा गाभे हायेत."

बाबांचा हात थांबला नाही. चांदीसारखी धार साच्यात उतरली, तोंडापर्यंत भरली, आणि तो करपल्या चिक्कीचा वास आला, आणि त्यात माझ्या चार गाभ्यांबरोबर दिगंबरचे ते दोन बेढब गाभेही जळत होते. बाबांनी मूस खाली ठेवली. सांडशी जागेवर टांगली. मग माझ्याकडे न बघता मायला म्हणाले, "इले आत घेऊन जाय."

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. वस्तू सुंदर आली होती. खोटं कशाला बोलू, मी आजवर बघितलेलं ते बाबांचं सगळ्यात चांगलं ओतकाम होतं. बाबा ती उन्हात धरून इकडून तिकडून फिरवत होते, बोटानं ठोकत होते, सगळीकडून घंटीसारखा आवाज येत होता. ते माझा शब्द शोधत होते. कुठं फुगा सापडतो का, कुठं भोक पडलंय का. नव्हतं. मॅनिफोल्ड गोणपाटात बांधून वर्ध्याला गेला.

आठ दिवसांनी मामा आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, आणि म्हणाला की गाडी सुरू होते पण उभ्या जागी थंडीताप आल्यासारखी थरथरते, कार्बोरेटरच्या तोंडातून उलटा फटाका वाजतो, आणि मॅनिफोल्ड इतका तापतो की थुंकलं तर चर्र होतं. डॉक्टर साहेब पवनारच्या पुलापर्यंत गेले आणि गाडी बैलगाडीला बांधून परत आले. मी दाराच्या आत उभी राहून ऐकत होते आणि माझ्या अंगात असा आनंद भरला की मला लाज वाटली. आता कळेल, मला वाटलं. आता तरी.

बाबांनी त्याचा रिकामा गडू उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ओतताना पोट्टी बोलली."

बस. एवढंच. आणि शेजारचे काका बसले होते, त्यांनी मान हलवली. दिगंबरनं मान हलवली, ज्याच्या हातचे ते दोन गाभे होते. मी मामाकडे बघितलं. मामानं बशीत चहा ओतला, फुंकला, आणि प्याला. त्याच्या तोंडावर धूर आला होता, त्या माणसानं चहा प्याला. मायनं माझ्या पाठीवर हात ठेवला तो मी झटकून टाकला, कारण त्या हातालाही सगळं माहीत होतं. मी सांगितलं होतं तिला.

त्या संध्याकाळी ठरलं की इंदूनं आता भट्टीकडे यायचं नाही. गाभे माय करेल. इसबाच्या बोटांनी. आणि तीन दिवसांत गावभर झालं. एक म्हातारा आपली मागच्या पोळ्याची घंटी घेऊन आला आणि बाबांना विचारत होता की ही ओतली तेव्हा तर कोणी बोललं नव्हतं ना. मी हे आता हसून सांगते, लोकांना मजा वाटते. तेव्हा मला असं वाटत होतं की माझे दोन्ही हात कुणी मनगटापासून नेले. आठ वर्षं मी त्या घरात जे काही होते ते त्या माती-गुळाच्या पातेल्यापाशी होते. दुसरं मला काय येत होतं? भाकरी तर सगळ्यांनाच येतात.

चौथ्या दिवशी मी कुणाला न सांगता वर्ध्याला गेले. मामा गॅरेजमध्ये दुसऱ्याच गाडीखाली झोपलेला. मी त्याचे पाय ओढले.

"इंदे, तू? ताई आली का संग?"

"कोनी नाई आलं. जाड पत्रा द्या अन् तो कागद द्या."

"अवं पण डॉक्टर साहेब आता..."

"तुमी चहा प्या. तुमाले चहा लय आवडते."

मामानं पत्रा आणि कागद आणून दिला. मी कागदावरून पत्र्यावर खुणा केल्या. मोठी चार भोकं मामानं ड्रिलनं पाडली, कानशीनं मी घासली, आणि बारक्या दोन भोकांच्या जागी पत्रा तसाच ठेवला, अख्खा. हाताला फोड आले. तो पत्रा इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्या मधे घालून मामानं नट आवळले. डॉक्टर येऊन उभे राहिले होते, पांढरा शर्ट, एकही प्रश्न न विचारता. मामानं चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. थरथर नाही, फटाका नाही. शिलाईमशीन चालावी तसा एकसारखा आवाज, आणि पाय दाबला की तो चढत जायचा, चढतच जायचा, थांबायचं नावच नाही. मामानं मॅनिफोल्डवर हात ठेवला आणि ठेवून दाखवला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "हे कोणी ओळखलं?"

मामा म्हणाला, "हिनंच, साहेब. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

आता म्हणतो.

डॉक्टर म्हणाले, चल, तुला गावी सोडतो, गाडीही लांबवर चालवून होईल. मी पुढच्या सीटवर बसले, मामा मागे. आर्वीच्या रस्त्यानं ती गाडी अशी गेली की मी दोन्ही हातांनी दार धरून बसले होते. मनात एकच होतं. मी बाबांना हरवायला जात नव्हते, हे कुणाला पटो न पटो. मला एवढंच पाहिजे होतं की त्यांनी मामासमोर, दिगंबरसमोर, त्या शेजारच्या काकांसमोर म्हणावं की चूक त्या दोन भोकांची होती, इंदूच्या तोंडाची नव्हती. आणि मग मी उद्या सकाळी माझ्या पातेल्यापाशी बसेन.

गाडी दारात थांबली. गल्ली गोळा झाली. बाबा बाहेर आले, हात गोणपाटाला पुसत. डॉक्टरांनी इंजिन चालूच ठेवून झाकण उघडलं. बाबा वाकले, कान लावून ऐकत राहिले. त्यांना आवाजातलं कळायचं, सगळं आयुष्य घंट्या ऐकण्यात गेलेलं. मामानं त्यांना पत्रा दाखवला, कुठं घातला ते सांगितलं, दोन भोकं बुजवली ते सांगितलं, आणि कधी नव्हे तो न अडखळता म्हणाला, "भाऊजी, पोरीनं मले आधीच धूर काढून दाखवला होता. मीच बोललो नाई."

बाबांनी मॅनिफोल्डवर बोट फिरवलं. आपल्या ओतकामावर. मग ते सरळ झाले.

मी म्हटलं, "बाबा, आता म्हणा."

"काय म्हणू?"

"चूक कायची होती ते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, त्या सगळ्या प्रकारात पहिल्यांदा सरळ बघितलं, आणि सावकाश म्हणाले, "दोन्ही होतं. भोकंही होते. अन् तू बोललीही होती."

"माह्या बोलण्यानं काय बिघडलं? एक फुगा दाखवा त्याच्यात. एक."

"दिसत नाई म्हणून नसते का?"

डॉक्टर काहीतरी म्हणायला गेले, बाबांनी त्यांना हात जोडले, बसा साहेब, चहा घ्या. आणि दिगंबर खुर्ची आणायला धावला.

माझं पातेलं परसात होतं. ज्या दिवशी मला बंदी झाली त्या दिवशी मी गाभ्याची माती मळत होते, ती अर्धवट मळलेली तशीच त्यात होती. मी तिच्याकडे बघितलं, हात नाही लावला. दोन लुगडी आणि दहावीची गुणपत्रिका पिशवीत घातली आणि त्याच गाडीत बसून वर्ध्याला परत गेले. आयटीआयला मशिनिस्टचा फॉर्म भरला. वर्गात मी एकटी मुलगी, तिथल्या मास्तरांच्या कथा वेगळ्या आहेत आणि त्यांच्यावरही मी चिडलेलीच आहे. राहिले मामीकडे. मामाशी महिनाभर बोलले नाही, तो रोज सकाळी माझ्या सायकलीत हवा भरून ठेवायचा. बाबांनी मला थांबवलं नव्हतं. दारात उभे होते, गाडी निघाली तेव्हा ते माझ्याकडे नाही, इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन उभे होते, आणि हे मी अजून विसरले नाही.

दीड महिन्यानं माय आली. जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि इसबाची बोटं फडक्यात बांधलेली. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "तुही माती अजून ओली हाय."

"कोणती माती?"

"पातेल्यातली. तुह्या बाबानं गोणपाट टाकलं तिच्यावर. रोज सकाळी उठून पाणी शिंपडते. मले म्हणे, तू दुसरी मळ, हिले हात लावू नोको."

मी चटणीच्या डब्याचं झाकण लावत होते ते लागेना.

"त्यायनं पाठवलं तुले?"

"नाई," माय म्हणाली. "मीच आली."

मायला वाटलं मी विरघळेन. सगळ्यांना असंच वाटतं, हा भाग सांगितला की ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात, माझी सून तर दर वेळी रडते. माझं डोकं फिरतं. आमच्या घरासमोरच बस थांबायची. तळेगावहून वर्धा, दिवसातून चार वेळा, कंडक्टर बाबांना नावानं ओळखायचा. पंचेचाळीस दिवस माझा बाप पहाटे उठून त्या मातीवर पाणी शिंपडत होता, आणि गोणपाट नीट करून ओसरीवर येऊन बसत होता, आणि सकाळची बस त्याच्या समोर येऊन थांबत होती, आणि जात होती.